मुलीचं हिमोग्लोबिन 9.8 आलंय, पौष्टिक पावडर सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे पुण्याहून गोव्यात फोंड्याला आलात, नववीतल्या मुलीचं हिमोग्लोबिन 9.8 आलं आणि शेजारणीने डब्यातली पावडर सुचवली. घरात पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाईही आहेत. मी डॉक्टर नाही, इथलीच, दोन मुली वाढवलेली बाई. थोरलीचं दहावीत 9.4 आलं होतं, म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट. या वयात ते 12 तरी हवं, आणि 9.8 नुसत्या जेवणाने लवकर भरून निघत नाही. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, त्या सांगतील तितके महिने घ्यायला लावा. पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही सांगा. शाळेत जंतांची गोळी देतात, ती चुकवू देऊ नका.

आता माझा गाढवपणा. मी थोरलीला रोज बीट, खजूर, तांबडी भाजी (लाल माठ) देत होते आणि तीन महिन्यांत आकडा जेमतेम हलला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "चहा कधी घेते?" सकाळी चपातीबरोबर आणि दुपारी जेवण झालं की माझ्याबरोबर! भाजीपाल्यातलं लोह तसंही अंगाला कमी लागतं, त्यात चहातल्या टॅनिनने ते आणखी अडतं. त्या दिवसापासून जेवण आणि चहा यांत दीड तासाचं अंतर ठेवलं. लोहाची गोळी दुधाबरोबरही देत नाहीत, कॅल्शियम आड येतं. (बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, ही समजूत तर सोडाच.)

उलट क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. भाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरू द्या. सोलकढी प्या, पण तिला लिंबाची जागा देऊ नका. मासळी दुहेरी कामाची. तिच्यातलं लोह सहज लागतं, शिवाय ताटातल्या भाजीचंही लोह ती शोषून घ्यायला मदत करते. म्हणजे तांबडी भाजी, उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं हुमण (नारळाच्या वाटणाची आमटी), हे आपलं रोजचं ताट कुठल्याही डब्यापेक्षा वरचढ. तारले (सार्डिन मासे) मिळाले तर सोडू नका. स्वस्त, आणि त्यात ड जीवनसत्त्व, बी-12, ओमेगा-3 सगळं. तिसऱ्यांत (शिंपल्यांत) बी-12 भरपूर. तळण्यापेक्षा हुमण बरं.

सोमवार पाळत असाल तर त्या दिवशी आळसांद्यांची (चवळीसारखं कडधान्य) उसळ किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची नारळ घातलेली भाजी), वर लिंबू. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे बाहेर निघतात. ते जरा हात राखून, मीठ फार असतं. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ पुरे म्हणतात, त्यातलं बरंचसं खारवलेल्या मासळीत आणि लोणच्यातच संपतं. त्या दिवसांत टाकळा येतो, शेवग्याचा पाला दारात असतोच.

मुलाला आणि सासूबाईंना नाचणी द्या. 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आमच्याकडे तिजण करतात, म्हणजे नाचणीचं सत्त्व गूळ आणि नारळाच्या रसात शिजवून. मुलं नाही म्हणत नाहीत. गूळ मात्र बेताचा, गुळातलं लोह लोक सांगतात तेवढं नसतं.

पावडरीचं म्हणाल तर डबा घेण्याआधी मागची बाजू वाचा. पुष्कळ डब्यांत साखर पहिल्या दोन-तीन नावांत सापडते. त्या पैशांत आठवडाभराची अंडी येतील.

थोरलीचं सहा महिन्यांनी 12.1 आलं, गोळ्या आणि चहाचं अंतर दोन्हींमुळे. तुमच्या घरी अवघड जाईल ते एवढंच, की सासूबाई जेवणानंतर चहाचं आधण ठेवतील आणि वास आला की मुलगी पेला घेऊन हजर. त्या वेळी तिला क्लासला पाठवा.