मद्रास इलाख्याचं उद्योग खातं 1910 मध्ये का मोडलं? इंग्रजांना इथले धंदे वाढू द्यायचे नव्हते म्हणून?

अर्धंच खरं. हुकूम लंडनहून भारतमंत्री मोर्लेचा आला, पण आधी ओरड केली ती मद्रासमधल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी. सरकारने कारखाना काढून आमच्या पोटावर पाय देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मोर्लेचा निकाल असा: सरकारी पैसा औद्योगिक शिक्षणावर खर्च करा, धंद्यावर नको.

हे वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण हेच मी तोंडावर ऐकलंय. एका सरकारी केंद्रात मी चामड्याचं काम शिकवायचो. एका वर्षी पोरांनी चाळीसेक बॅगा शिवल्या, टाके असे की बोट फिरवलं तरी लागू नयेत. मी गावातला दुकानदारही ठरवला. साहेब म्हणाले, "शिकवणं आपलं काम, विकणं नाही." माल कोठीत पडला. पावसाळा संपल्यावर दार उघडलं तर सगळ्यावर बुरशी, बकलं गंजलेली. एक पोरगा आपली बॅग सदऱ्याच्या बाहीने पुसत बसला होता. डाग गेला नाही. तो पुन्हा आलाही नाही.

मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज सरकारी अधिकाऱ्याने विकूनच दाखवलं होतं. 1898 पासून तिथल्या कलाशाळेत अॅल्युमिनियमची भांडी केली, जम बसल्यावर 1903 मध्ये ते काम खासगी कंपनीला दिलं. मग क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने, कातडं कमावायला घेतलं, तेही मोटेसाठी! तरवडाच्या सालीत कमावलेलं कातडं पाण्यात लवकर कुजतं, क्रोमचं टिकतं. पण शेतकऱ्याने मोट विकत घेऊन विहिरीवर चालवल्याशिवाय त्याला ते पटणार कसं? फळ्यावर लिहून?

1908 च्या उटकमंडच्या (म्हणजे उटीच्या) औद्योगिक परिषदेनंतर खातं उभं राहिलं, दोन वर्षांत हुकूम आला, 1912 मध्ये चॅटर्टन म्हैसूर संस्थानात गेला. 1914 मध्ये मद्रासला खातं पुन्हा काढावंच लागलं. 1919 च्या सुधारणांनी उद्योग हा विषय प्रांतांच्या मंत्र्यांकडे गेला.

एक मात्र सांगायला हवं. सरकारने कायम कारखाने चालवावेत, असं चॅटर्टनचंही म्हणणं नव्हतं. वाट पाडून द्यायची आणि बाजूला व्हायचं.

आमचे मेहुणे गेली वीस वर्षं दर दिवाळीला म्हणतात, सरकारने धंद्यात पडूच नये. त्यांच्या वर्कशॉपमधला पहिला लेथ सरकारी योजनेच्या कर्जावर आला. जामीन मी होतो.