बंद पेट्रोल पंपाची जागा आणि पाण्याचा ‘बीडीएल’ रिपोर्ट

नमस्कार ताई. हमरस्त्याला लागून जुन्या पंपाची जागा, टाक्या काढून नेलेल्या, मालकाच्या हातात पाण्याचा ‘बीडीएल’ (म्हणजे मोजण्याच्या हद्दीखाली, काही सापडलं नाही) असा रिपोर्ट, आणि तरीही शेजारच्या विहिरीला पावसाळ्यानंतर रॉकेलसारखा वास. अशी जागा विकत घ्यावी का, हा तुमचा प्रश्न वाचून आमच्याच जागेची फाइल कोणीतरी उघडली असं वाटलं. मी भूगर्भतज्ज्ञ नाही, वकीलही नाही. हात पोळलेला माणूस आहे, त्या बेताने वाचा.

सातबारा, एनए, एक्स्प्लोझिव्हचं (पेट्रोल साठवण्याचं) लायसन्स रद्द झाल्याचं पत्र हे सगळं तुम्ही बघितलंच असेल. फक्त त्या लायसन्सचा मंजूर नकाशा मागून घ्या. टाक्या, पाइप, मशीन कुठे होती ते त्यावर असतं. पेव्हर ब्लॉक बसले की जागेवर काहीच कळत नाही.

आता तो रिपोर्ट. नेमकं काय तपासलंय ते आधी वाचा. आमच्या कागदावर ‘ऑइल अँड ग्रीस’ होतं आणि मोजण्याची खालची हद्द होती लिटरला 2 मिलिग्रॅम. पेट्रोलमधला विषारी घटक म्हणजे बेंझिन, आणि पिण्याच्या पाण्यात त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे दोनशेपट मोठ्या चाळणीने चाळून ‘काही सापडलं नाही’ असं लिहून दिलं होतं. बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन आणि एमटीबीई (हे सगळे पेट्रोलमधले घटक) अशी नावं घेऊन चाचणी मागा, आणि प्रत्येकाची हद्द आधी लेखी घ्या. क्षार, जडपणा, जंतू वगैरेंच्या पॅकेजमध्ये यातलं काही नसतं.

आणि नमुना! प्रयोगशाळेचा पोरगा भर मे महिन्यात आला, गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली प्लास्टिकची बाटली धरली, पाऊण भरली, गाडीच्या डिकीत टाकली आणि गेला. बेंझिन उडून जाणारा पदार्थ आहे. बोअरमधून टाकीत पडताना थोडं उडालं, बाटलीतल्या रिकाम्या जागेत थोडं गेलं, उरलेलं डिकीतल्या उन्हाने घालवलं. त्या कागदावर आमचा व्यवहार झाला. पुढे पायाच्या खोदाईत मुरूम काळपट आणि वासाचा निघाला, तेव्हा खरा हिशेब सुरू झाला. प्रयोगशाळेचं उत्तर काय, तर ‘आम्ही आलेल्या नमुन्यापुरते जबाबदार’. नमुना त्यांचाच माणूस घेऊन गेला होता, हे विशेष.

नीट पद्धत अशी: 40 मिलीची काचेची कुपी, आत आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब, टेफ्लॉनचा पडदा असलेलं झाकण. पाणी थेट बोअरमधून, धार हळू, काठाच्या वर फुगवटा येईपर्यंत भरायचं. झाकण लावून कुपी उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा वर सरकताना दिसला तर तो नमुना बाद. मग थेट बर्फात, आणि 14 दिवसांच्या आत चाचणी. नमुना घेताना स्वतः उभे राहा. राग आला तर येऊ द्या त्यांना.

मातीचंही तेच. पिशवीत कालवून आणलेली माती या कामाला निरुपयोगी. आणि फक्त टाकीच्या खड्ड्याखाली बघू नका. गळती पुष्कळदा पाइपच्या सांध्यांना, मशीनखाली आणि टँकर रिकामा करायच्या तोंडाशी असते.

आपल्याकडे खाली बेसॉल्ट. खडकात खोदलेला टाकीचा खड्डा म्हणजे हौदच, पावसात भरतो आणि भेगांमधून पाझरतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पातळी उतरली की तेही खाली उतरून मुरमाला चिकटतं. पावसाळ्यात पाणी वर चढून त्याला भिडतं. विहिरीच्या वासाचं हे कारण असू शकतं. म्हणून मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळी नमुने घ्या. बोअर मारताना केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) पक्क्या खडकात घट्ट बसवायला सांगा, नाहीतर वरचं सगळं खाली जायला तुम्हीच वाट करून दिली. दूषित पाणी जमिनीच्या उताराने जाईल असंही धरू नका. ते भेगेने जातं, आणि शेजाऱ्याची मोटर दिवसभर चालत असेल तर तिकडे ओढलं जातं.

सरकारी दाराबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर रक्तदाब वाढतो. एका कार्यालयाने ‘टाकी आमच्याकडे नाही’ म्हणून दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने ‘पाणी आमच्याकडे नाही’ म्हणून परत. आवक क्रमांक मात्र दोघांनी व्यवस्थित दिले. 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले आहेत. संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने करायची, तपासणी राज्याच्या प्रदूषण मंडळाने, अशी विभागणी त्यात आहे. आमच्या वेळी हे नव्हतं. अर्जात त्यांचा उल्लेख जरूर करा, पण त्याच्या भरवशावर विसार देऊ नका. साठेखतात तपासणीची अट आणि रक्कम परत मिळण्याचं कलम टाका. मालक त्याला नाही म्हणाला, तर माझ्या मते तेवढ्यावरच जागा सोडावी.

जाता जाता, त्या विहिरीवाल्यांना सांगा की पाणी उकळून काही साधत नाही, वाफ स्वयंपाकघरातच राहते. घरगुती आरओवरही भिस्त ठेवू नका. आंघोळीलाही ते पाणी नको, गरम पाण्याबरोबर तेच नाकात जातं. आणि विहिरीत दिवा किंवा काडी लावून बघायला कोणी उतरू नका, कृपा करून.

पंप कोणत्या साली सुरू झाला ते कळवा. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्याआधीचा पंप असेल तर मातीच्या चाचणीत शिसंही धरावं लागेल, आणि ते वेगळ्या नमुन्यातून.