रोमानियातलं सुलिना हे शहर कसं आहे? त्याचा इतिहास काय?

मी मालवाहू जहाजावर असतो. डॅन्यूब नदीवरच्या ब्रइला बंदरात धान्य भरायला जाताना सुलिना दोनदा जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, पाहिलं. वाट दाखवणारा स्थानिक पायलट जहाजावर चढला की जहाज गावासमोरून अगदी सावकाश सरकतं आणि काठावरची घरं खाली ठेंगणी दिसतात. एका परसात एक आजीबाई कपडे वाळत घालत होत्या. एवढं मोठं धूड घरासमोरून जातंय, पण त्यांनी मान वर केली नाही. मग एका सुट्टीत मुद्दाम परत गेलो.

या गावाचं नशीब गाळाने घडवलं. सुलिना डॅन्यूबच्या मुखाशी आहे. ही नदी २,८५० किलोमीटर वाहत येते आणि काळ्या समुद्राला मिळताना गाळ तोंडाशीच टाकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथलं पाणी इतकं उथळ होतं, की जहाजं आपलं धान्य छोट्या होड्यांत उतरवायची, हलकी होऊन उथळ भाग ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा भरून घ्यायची. त्यात चोऱ्याही व्हायच्या.

क्रिमियन युद्धानंतर १८५६च्या पॅरिस तहात सात सत्तांनी डॅन्यूबसाठी युरोपीय आयोग नेमला. दोन वर्षांत मुख मोकळं करायचं आणि घरी जायचं, असं ठरलं होतं. आयोग राहिला ऐंशीहून जास्त वर्षं! समित्या सगळीकडे सारख्याच. काम मात्र चोख झालं. चार्ल्स हार्टली या इंग्रज इंजिनिअरने १८६१ पर्यंत मुखाच्या दोन्ही बाजूंनी समुद्रात लांब बांध काढले. पाणी अरुंद वाटेतून जोरात गेलं की गाळ आपोआप पुढे रेटला जातो, एवढीच युक्ती. पुढे नदीची वळणं कापून पात्र सरळ केलं.

आयोगाचा स्वतःचा झेंडा होता आणि जहाजांकडून तो कर घ्यायचा. बंदरात मालावरची जकात माफ झाल्यावर ग्रीक, तुर्क, ज्यू, इंग्रज, रशियन असे सगळे इथे जमले. १८७८ मध्ये गाव रोमानियाकडे आलं. हा सगळा गोतावळा आता स्मशानभूमीत भेटतो. ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू थडगी जवळजवळ आहेत आणि दगडांवर कितीतरी भाषा. मी तिथे दोन तास काढले. गावात याहून बघण्यासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत.

१९८४ मध्ये डॅन्यूबपासून काळ्या समुद्रापर्यंत नवा कालवा निघाला आणि बरीच वाहतूक तिकडे वळली. आता वस्ती जेमतेम तीन-साडेतीन हजार. रस्ते नदीला समांतर, नावं म्हणजे नुसते आकडे: पहिला रस्ता, दुसरा रस्ता. २०२२ मध्ये मात्र युद्धामुळे युक्रेनचं धान्य डॅन्यूबच्या वाटेने निघालं आणि मुखाबाहेर पुन्हा जहाजांच्या रांगा लागल्या.

जायचंच असेल तर नदीवरच्या तुल्चा शहरातून बोटीने जा, गावाला जोडणारा रस्ता नाही. परतीच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या. उन्हाळ्यात डासांचं मलम विसरू नका, मी विसरलो होतो.