जत्रेत सेन्सर लावायचे असतील तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कुडाळच्या बाजूला मानसशास्त्राच्या एम.ए.चा प्रकल्प करताय, जत्रेतल्या दशावतारी नाटकाला बसलेल्या ३० प्रेक्षकांच्या मनगटांवर घाम आणि नाडी टिपणाऱ्या सेन्सरचे पट्टे बांधायचे, आणि रात्रभराच्या नोंदींवरून कुठे करुण, कुठे वीर, कुठे भय वाटलं ते काढायचं. कोणता पट्टा घ्यावा, असं विचारलंत. पट्ट्याचं पुढे सांगतो. आधी हे सांगायला हवं की जे तुम्हाला काढायचंय ते या नोंदींतून निघत नाही. विषय मात्र फार चांगला आहे, तो सोडू नका.

तळहात आणि तळपायांच्या घर्मग्रंथी सिम्पथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, मज्जासंस्थेच्या ताब्यात असतात. मन दचकलं, गुंतलं, ताणलं की साधारण १ ते ३ सेकंदांत त्या जाग्या होतात आणि त्वचेतून वीज जरा सहज वाहते. ही वाढ मायक्रोसिमेन्समध्ये मोजतात. फ्रान्समध्ये फेरे यांनी १८८८ सालीच हे दाखवलं होतं, म्हणजे तंत्र जुनं आहे. पण सेन्सरला कळतं ते एवढंच, की शरीर आतून हललं. कशाने हललं ते त्याला कळत नाही. आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांत, म्हणजे भावनेच्या अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, स्वेद म्हणजे घाम धरलाय, आणि घामाची कारणं सांगताना राग, भय, हर्ष, लाज, दुःख यांच्याच रांगेत श्रम, आजार आणि उष्माही बसवलाय. तुमच्या आलेखाची सगळी अडचण त्या एका यादीत आहे.

मी स्वतः वेंगुर्ल्याकडच्या एका गावात १२ प्रेक्षकांवर हे केलं होतं. हरिश्चंद्राचं आख्यान होतं. एक आजी अगदी पुढे खोळ घेऊन बसल्या होत्या. माझा अंदाज होता की रोहिदासाच्या मृत्यूच्या प्रसंगाला त्यांचा आलेख चढेल. तिथे तो थोडासाच हलला. रात्रीतली सगळ्यात मोठी उसळी त्याच्या बरीच आधी होती. तारामती नुसती पाठमोरी उभी, पायपेटीवर सूर धरलेला, संवाद नाही, काही नाही. पट्टा सरकला असेल म्हणून मी तो तुकडा जवळजवळ काढून टाकला होता. सकाळी दहीकाला झाल्यावर त्यांना चित्रफितीतला तेवढाच भाग दाखवला आणि विचारलं. त्या म्हणाल्या, "तो माझ्या भयणीचो झील. दोन दिस तापान फणफणलेलो. गाणा उचलताना आवाज फुटतलो काय, ह्याच माका लागलेला." म्हणजे तारामती करणारा नट त्यांच्या बहिणीचा मुलगा, आणि तापात गाताना त्याचा आवाज फुटेल की काय, ही त्यांची काळजी. मी याला करुण रस म्हणून नोंदवलं असतं तर ते साफ चुकीचं झालं असतं. आवाज फुटला नाही, आणि पुढच्या सेकंदांत आलेख उतरलेला मी पाहिला. तो उतार आजही माझ्या डोळ्यासमोर आहे.

म्हणून माझा सल्ला: सेन्सरला "कुठे" विचारा आणि माणसाला "काय". प्रत्येकाच्या नोंदीतल्या चार-पाच ठळक उसळ्या निवडा, तेवढेच प्रसंग त्याला पुन्हा दाखवा आणि बोलू द्या. आलेख सपाट राहिला असे दोन-तीन प्रसंगही मध्ये घाला, नाहीतर तुम्ही दाखवलं म्हणजे तिथे काहीतरी वाटलंच असणार, असं धरून लोक उत्तर देतील. प्रश्नावलीत "करुण" आणि "वीर" नकोत. "गहिवरून इला", "धडकी भरली", "अंगार काटो इलो" हे शब्द ठेवा. लोक जे शब्द वापरतात त्यांतच त्यांना नेमकं सांगता येतं.

आता हवेचं. परदेशी पुस्तकांतल्या सूचना वातानुकूलित खोलीसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे कार्तिकातल्या जत्रेत संध्याकाळी उकाडा आणि दमटपणा, तर मार्गशीर्षात पहाटे दव पडून बोटं गार. संध्याकाळी सगळ्यांच्याच त्वचेची पातळी वर असते, ती नाटकाने नव्हे. पहाटे गारठ्याने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि प्रकाशाने नाडी मोजणारा सेन्सर चाचपडू लागतो. संध्याकाळ आणि पहाट यांची सरळ तुलना त्यामुळे करता येत नाही. रात्रभर मोजूच नका. ३०-४० मिनिटांचा एक सलग भाग निवडा, त्याआधी १० मिनिटं माणूस स्वस्थ बसलेला असताना नोंद घ्या, आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा. शेजारच्याशी नको.

आणि मनगट नको. मनगटावरचा घाम उष्म्याला जास्त आणि मनाला कमी ऐकतो. बोटांवर सिल्व्हर-क्लोराइडचे इलेक्ट्रोड लावा. पण तुमच्या प्रेक्षकांत रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) ओढणारे, कोयता चालवणारे हात असतील. त्या घट्ट्यांतून विद्युतप्रवाह नीट जात नाही. अशांना तळपायाच्या आतल्या कमानीवर लावा. लोक चटईवर अनवाणीच बसतात, अडचण येत नाही. आधी साध्या पाण्याने धुवून पुसा, साबण किंवा स्पिरिट नको, आणि लावल्यावर पाचेक मिनिटं थांबा. तरी पाय हलवला की आलेखात खोटा कोंब येतो, म्हणून प्रेक्षकांकडेही एक कॅमेरा हवाच.

सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा आणि त्याच क्षणी सेन्सरवरचं बटण दाबा. शेवटीही तेच करा. दोन घड्याळं रात्रीत किती सरकली ते यावरून कळतं. माझी पहिली अख्खी नोंद एवढ्यासाठी वाया गेली होती. संकासुर या विनोदी पात्राला मिळालेला हशा आणि उसळी यांचा मेळच लागेना.

डोळ्यांचा सेन्सर या प्रकल्पात घेऊ नका. बाहुली भावनेने मोठी होते हे खरं, पण उजेडाने त्याहून कितीतरी जास्त बदलते, आणि रंगमंचावर दिवे सतत बदलत असतात. काजळ घातलेल्या बायकांच्या डोळ्यांत कॅमेरा बाहुलीची कड चुकवतो, ते वेगळंच. चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर तर माझा अजिबात भरवसा नाही. आपला म्हातारा प्रेक्षक रडतानाही चेहरा दगडासारखा ठेवतो.

संमतीचं शेवटी लिहितोय, पण काम तिथूनच सुरू करा. मानकऱ्यांनी आणि देवस्थानाने हो म्हटलं म्हणजे तुम्हाला देवळाच्या आवारात बसायची परवानगी मिळाली, एवढंच. प्रत्येक माणसाची संमती वेगळी घ्यायची, आणि मध्येच पट्टा काढला तरी चालेल हे त्याला मालवणीत सांगायचं. पहिला प्रश्न हमखास येतो, "ह्या खोटा पकडूचा मशीन काय?" धीराने उत्तर द्या. खोटं पकडायची चाचणीसुद्धा कोणावर जबरदस्तीने करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात ठरवलंय. नटांनाही आधी सांगा. त्यांचे संवाद उत्स्फूर्त असतात, आणि समोर कोणीतरी मोजतंय हे त्यांना मागाहून कळलं तर ती फसवणूक होईल.

३० नको, १० माणसं घ्या. दहा जणांशी सकाळी नीट बोलणं होतं. कॉलेजच्या नैतिकता समितीकडे अर्ज दिवाळीआधी जाऊ दे, कारण त्यानंतर जत्रा लागतात आणि तुमच्या हातात वेळ राहणार नाही. प्रश्नावलीचा मसुदा तयार झाला की इथे टाका, मालवणी तपासून देतो.