क्रूझ लागत नाही? आधी ब्रेकचा स्विच बघ

अरे, क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) लागत नाही म्हणून लगेच स्पीड सेन्सर बदलायची घाई करू नकोस. आणि वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या गर्दीत बटणं दाबून निष्कर्षही काढू नकोस. बहुतेक गाड्यांत ताशी 40 किमीच्या आसपास वेग आल्याशिवाय क्रूझ लागतच नाही.

डॅशबोर्डवर क्रूझचा दिवा लागतो, पण ‘सेट’ होत नाही, असं असेल तर माझा पहिला संशय ब्रेक पेडलच्या स्विचवर. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लाव आणि पेडल अगदी हळू दाब. पाय काढल्यावरही भिंतीवरचा लाल उजेड रेंगाळला, तर गाडीला वाटतं तू ब्रेक धरून बसलायस. मग क्रूझ कशाला लागेल? मात्र दिवे नीट लागले म्हणून स्विचला लगेच क्लीन चिट देऊ नकोस. पुष्कळ गाड्यांत त्यात दोन सर्किटं असतात, एक दिव्यांचं, दुसरं ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं. दुसरं स्कॅनरच्या (गाडीला जोडून बिघाड वाचायच्या यंत्राच्या) लाइव्ह डेटातच दिसतं. मॅन्युअल गाडी असेल तर क्लचचा स्विचही तिथेच बघून घे.

क्रूझचा दिवाच लागत नसेल तर फ्यूज बघ. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची इतर बटणंही गेली असतील तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टिअरिंगमागच्या वायरच्या गुंडाळीवर. त्याला स्वतः हात लावायचा नाही, तिथे एअरबॅग असते.

इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर आधी स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड निस्तर. अशा वेळी ईसीयू बऱ्याचदा मुद्दामच क्रूझ बंद ठेवतो. हे सगळं झालं की मगच अहमदाबाद एक्सप्रेसवेवर ट्रायल घे, तीही पहाटे.