नववीतल्या मुलीला अंतराळाचं वेड आहे, वडोदऱ्याहून मोफत उन्हाळी शिबिर कोणतं?

इस्रोचं ‘युविका’ (युवा विज्ञानी कार्यक्रम) अजिबात सोडू नका. 2019 पासून चालू आहे, मे महिन्यात साधारण दोन आठवडे. राहणं-जेवण इस्रोकडे, रेल्वेभाडंही परत मिळतं. एक केंद्र तर अहमदाबादलाच आहे. फक्त नववीच्या मुलांसाठी असल्यानं पुढच्या वर्षावर ढकलू नका. निवडीत आठवीचे गुण सर्वांत जड. शिवाय ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड. वडोदऱ्याजवळच्या पादरा तालुक्यातल्या एखाद्या गावातल्या शाळेत शिकत असेल तर त्याचेही जादा गुण मिळतात, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा दाखला आधीच घेऊन ठेवा.

घरात कुणी बी.एससी.ला असेल तर देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप बघा. तिथे उलट विद्यावेतन मिळतं.