पायाखालची फरशी आणि नृत्याची पदवी

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते, यंदा बारावी कॉमर्सला आहे. सात वर्षं कथक शिकतेय, मध्यमा ही विशारदच्या आधीची परीक्षा पूर्ण झाली आहे. मला नृत्यातच पदवी घ्यायची आहे. बाबा म्हणतात, "विशारद होशीलच की, मग त्याच गोष्टीसाठी कॉलेजची वर्षं कशाला घालवायची? बी.कॉम. कर आणि नाच चालू ठेव." क्लासपेक्षा कॉलेजात वेगळं काय शिकवतात, हे मला त्यांना नीट सांगता येत नाही. हल्ली तत्कार, म्हणजे पायांनी बोल वाजवणं, केला की नडग्या दुखतात. शिवाय खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतात.

उत्तर : तुझ्या नडग्यांचं मी आधी घेते. हे दुखणं अंगावर काढू नकोस. मी काढलं होतं. एकोणीस वर्षांची होते, रियाज ठाण्यातच एका सोसायटीच्या हॉलमध्ये चालायचा. खाली सिमेंटचा कोबा, त्यावर फरशी. दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरू बांधून रोज दीड तास तत्कार. नडगीच्या आतल्या बाजूने अशी सणक यायची की रात्री कूस बदलली तरी जाग यायची. सगळे म्हणत, रियाज कमी पडतोय, वाढव. मी वाढवला, आणि मग डॉक्टरांनी सहा आठवडे घुंगरू बांधायलाच बंदी केली.

तेव्हा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. बरी होऊन परतले तर आमच्या बाईंनी मला घुंगरांशिवाय उभं केलं आणि म्हणाल्या, एकच पाऊल टाक. ता. थांब. थेई. थांब. अर्धा तास एवढंच. पाय उचलताना मी पाऊल मागे फेकत होते आणि टाकताना सगळा भार टाचेवर घेत होते. त्यांनी माझा तळवा हाताने धरून जमिनीवर ठेवला. अख्खा, सपाट, एकदम. गुडघा किंचित सैल, कमरेच्या वर सगळं शांत. तळवा असा पडला की जोर न लावताही खणखणीत आवाज येतो. दहा वर्षं मी 'ता थेई थेई तत्' नाचत होते, पण एक पाऊल सुटं करून मला कुणी दाखवलं नव्हतं. माझ्या क्लासच्या गुरूंना मी दोष देत नाही. वीस मुली, एक तास आणि डोक्यावर परीक्षा. आज नौपाड्यात माझ्या स्वतःच्या वर्गात माझंही तेच होतं.

बाबांना हे सांग. क्लास तुला तुकडे, परण, गतनिकास अशा नाचायच्या रचना देतो. पदवीच्या वर्षांत ते सगळं उकलून बघायला वेळ मिळतो, आणि उकलून दाखवणारी माणसं भेटतात.

आम्हाला दुसऱ्या शैलीचीही ओळख करून घ्यावी लागली होती. मी कथकची मुलगी, सरळ उभी राहणारी. भरतनाट्यमच्या अरैमंडीत अर्धं बसायचं आणि गुडघे बाजूंना वळवायचे. मी पावलं ओढून वळवली तशी भरतनाट्यमची मैत्रीण ओरडलीच, "गुडघा पिळशील! खुब्यातून वळव." त्या तीन महिन्यांत भरतनाट्यम काही मला आलं नाही, पण कथकमधलं साधं उभं राहणं मला तिथे पहिल्यांदा कळलं, भार कुठे आहे, पाठीचा कणा काय करतोय ते.

आणि लिहिणं! तुझ्या आवडीची एक तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपणारा तुकडा, घे आणि आजच वहीत लिहून बघ. १६ मात्रांच्या तीनतालात समेपासून (पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंत तिहाई बांधायची तर १६ नव्हे, १७ मात्रा धराव्या लागतात, कारण शेवटचा बोल पुढच्या समेवर पडतो. ५ मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे विराम, झाल्या १७. तीनच मात्रांचा तुकडा दम न घेता तीनदा म्हणायचा तर ९ मात्रा लागतात, म्हणून तो खालीपासून, नवव्या मात्रेवरून उचलायचा. हे एकदा हाताला लागलं की तू पाठ केलेल्या तिहाया नाचणं सोडून स्वतःच्या बांधायला लागतेस. मला ती रात्र अजून आठवते. ठाणे स्टेशनच्या बाकावर बसून मी पहिली तिहाई बांधली आणि दोन लोकल सोडल्या.

विशारद जरूर हो, मेहनतीची परीक्षा आहे ती. पण ती गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा आहे, विद्यापीठाची पदवी नव्हे. पुढे एम.ए. करून नेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा द्यायची आणि महाविद्यालयात शिकवायचं असेल, तर विद्यापीठाचा रस्ता सरळ पडतो. नेटमध्ये नृत्याचा समावेश असलेला विषय आहे, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. नोकऱ्या मात्र मोजक्या आहेत. हे बाबांपासून लपवू नकोस.

कुठे जायचं? तुझं कथक आहे म्हणून मी पुण्याचं ललित कला केंद्र आधी सांगेन. पुणे विद्यापीठाने ते १९८७ मध्ये सुरू केलं आणि कथकच्या ज्येष्ठ गुरू रोहिणीताई भाटे तिथे शिकवत असत. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातही कथक आणि भरतनाट्यम दोन्ही आहेत. घर सोडायचं नसेल तर जुहूचं नालंदा नृत्य महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. ऐरोलीहून ठाणे, मग घाटकोपर, तिथून मेट्रो असा रोजचा प्रवास एकदा करून बघ, मग ठरव. तिथे तुझी शैली यंदा मुख्य विषय म्हणून घेता येते का, हे मात्र आधी विचार. नालंदा उभं करणाऱ्या डॉ. कनक रेळे यांचं शिक्षण कायद्याचं होतं, आणि १९७७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठातून नृत्यात पीएच.डी. मिळवली. बाबांना हे आवडेल.

तोवर हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखव. घरी जाड रबरी मॅटवर प्लायवूडची फळी टाक आणि घुंगरांशिवाय सावकाश तत्कार कर. पायांना आराम पडेल, आणि काकांनाही.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, आम्ही कळव्याला राहतो. चार वर्षं हिपहॉप केल्यावर आता त्याला भरतनाट्यम शिकून त्यातच पदवी घ्यायची आहे. उशीर झालाय का? नातेवाईक म्हणतात, हे मुलींचं क्षेत्र आहे.

उत्तर : शिकायला उशीर झालेला नाही. पदवीच्या प्रवेशाला मात्र बहुतेक ठिकाणी नाचून दाखवावं लागतं, म्हणून आधी एक-दोन वर्षं चांगल्या गुरूंकडे जाऊ द्या, बाजूने दुसरं शिक्षण चालू ठेवा. हिपहॉपमुळे त्याची लय आणि ताकद तयार असणार. खांदे सैल टाकायची सवय तेवढी मोडावी लागेल.

नातेवाइकांना सांगा, अलारिप्पू या पहिल्या नृत्यापासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंतचा भरतनाट्यमचा क्रम ज्यांनी बांधला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार सख्खे भाऊ होते. आणि ते होते एकोणिसाव्या शतकातल्या तंजावरात, आपल्या भोसल्यांच्या दरबारात!

पहिले तीन महिने त्याच्या हाती फक्त तट्टडवू लागेल, म्हणजे अर्धं बसून एकाच जागी पाय मारणं. मांड्या पेटतात. त्यानंतरही तो आपणहून क्लासला जात असेल, तर मला पुन्हा लिहा. कुठल्या विद्यापीठाचा अर्ज भरायचा ते आपण बसून ठरवू.